शेवटचं कोणाच्या हातचं खाल्लं

आमच्या झाडीपट्टीत माणूस आजारी पडला की काय होतंय हे नंतर विचारतात. आधी विचारतात, 'शेवटचं कोणाच्या हातचं खाल्लं?' ताप असो, जुलाब असोत, अंगावर गांधी उठलेल्या असोत, प्रश्न तोच. विचारणारे दुष्ट नसतात. उलट रात्रंदिवस उशाशी बसणारे तेच असतात, आणि म्हणूनच त्यांच्यापुढे कुणाचं शहाणपण चालत नाही. मला हा प्रश्न आयुष्यात एकदाच विचारला गेला आणि मी खरं उत्तर दिलं. माझं जे व्हायचं होतं ते तोवर होऊन गेलं होतं. त्या उत्तरानं नासलं ते माझ्या मावशीचं आयुष्य.

आमचं गाव आरमोरीपासून आत, तलावाच्या पाळीला लागून. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही त्या तलावावर जगलो. वडील जाळं टाकायचे, आई टोपलं डोक्यावर घेऊन आरमोरीच्या बाजारात मासोळी विकायला बसायची. घरात भात असायचा आणि मासोळीचा आंबट रस्सा. पावसाळ्यात तलाव भरून वाहू लागला की मासोळी हाती लागत नसे, मग पेज आणि अंबाडीची भाजी. भुकेनं आमच्यात कुणी मेलं नाही, पण पोट तडस लागेपर्यंत भरलंय असं लहानपणी फक्त लग्नात आणि दिवाळीनंतरच्या मंडईत व्हायचं. मी तसा वाढलो आणि तसाच दिसायचो. गल्लीतल्या बाया मला पाहिलं की आईला म्हणायच्या, 'पोट्ट्याले खायाले देतेस का नाई वो?' आई हसायची, पण तिला ते लागायचं.

वडसाच्या कॉलेजातून मी बी.एस्सी. झालो तेव्हा नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. त्या पदवीचा उपयोग म्हणजे भरतीच्या रांगेत उभं राहताना जरा ताठ उभं राहता येत होतं, एवढाच. एका सरकारी खात्यात वर्दीची नोकरी निघाली. मैदानावर मी पळालो, तर माझ्यापुढे मोजके निघाले. जाळं ओढून ओढून खांदे तयार होते, छाती फुगली, उंची बसली. वजनात मात्र कमी पडलो. मोजमाप घेणारा साहेब भला माणूस होता. म्हणाला, 'पुढच्या महिन्यात मेडिकल आहे. त्या दिवशी वजन भरलं पाहिजे. घरी जा आणि खा.'

सरकारचा एवढा मनापासून पाळला गेलेला हुकूम आमच्या घराण्यात दुसरा नसेल.

दिवाळी नुकतीच झाली होती आणि मंडईचे दिवस सुरू झाले होते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाची मंडई वेगळ्या दिवशी. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, जावई येतात, सोयरेधायरे येतात, दिवसा बाजार भरतो आणि रात्री नाटक असतं. ज्याच्या घरी मंडई त्यानं पाहुण्याला उठू द्यायचं नाही अशी रीत. उडदाचे वडे, कोंबडीचा नाही तर बकऱ्याचा रस्सा, नव्या तांदळाचा भात, वर अनारसे. वर्षभर काटकसर करणारी माणसं त्या दिवशी हात आखडत नाहीत. एका गावची मंडई झाली की दुसऱ्या गावची, अशी ती महिनाभर चालते. साधारण माणूस दोन-चार मंडया करतो. मला सगळ्या करायला लावल्या.

ही कल्पना आईचीच, पण तिच्यावर शिक्कामोर्तब सगळ्या गोताने केलं. काकांकडे, आत्याकडे, मामाकडे, मावशीकडे अशी माझी फेरी ठरली. 'भरतीचा पोट्टा येऊन राह्यला' असा निरोप माझ्या आधी पोचायचा. पाहुणा म्हणून गेलो की ताट वाढून तयार. नाही म्हणायची सोय नव्हती. मी नको म्हटलं तर त्यांच्या चेहऱ्यावर अशी भीती यायची की जणू मी नोकरीलाच नको म्हणतोय. घरी आलो की सकाळी आईचं गूळ घातलेलं दूध, भिजवलेले शेंगदाणे, केळी. दुपारी भाताचा ढीग आणि त्यावर तेलाची धार. आठवड्याच्या बाजाराला गेलो की धानाच्या दुकानात पोती मोजायच्या काट्यावर मला बसवायचे. काटा हलला की वडील दुकानदाराकडे बघून हसायचे. माझ्या वडिलांना मी फार वेळा हसताना पाहिलेलं नाही.

आणि खाण्याच्या जोडीला दुसरं बंधन होतं, ते जास्त घातक होतं हे आता कळतं. मला हलू देत नव्हते. जाळ्याला हात लावायचा नाही, तलावात उतरायचं नाही, पळायचं तर अजिबात नाही. पळालं की अंगावर चढलेलं उतरेल. सायकलही काढून घेतली. आयुष्यभर राबलेलं माझं शरीर बाजेवर पडून राहिलं आणि तोंडानं नुसतं भरत गेलं.

मावशीचं गाव वडसाच्या पलीकडे. तिच्या गावची मंडई शेवटची, म्हणून मी शेवटी तिच्याकडे गेलो आणि मेडिकलपर्यंत तिथंच राहिलो. मावशीला मूलबाळ नव्हतं. तिचा नवरा, आमचे काका, शांत माणूस, धान गिरणीत हमाली करायचे. आईपेक्षा मावशी लहान, बोलायला फटकळ आणि हाताला चव अशी की आमच्या नात्यात लग्न निघालं की आचाऱ्याच्या आधी मावशीला निरोप जायचा. वडे तिनेच तळायचे. कढईपाशी बसलेली मावशी कुणाला मोजत नसे. सरपंच आला तरी म्हणायची, 'थांब भाऊ, कच्चं आहे.'

मला तिनं लहानपणापासून आपला मानला होता. मी रांगता असताना आई आजारी पडली तेव्हा मला मावशीनंच पाण्यातला भात कुस्करून भरवला, असं सगळे सांगतात. आता तर तिला मोकळं रानच मिळालं. ती दिवसातून चारदा चूल पेटवायची. मी जेवताना समोर बसून राहायची आणि मी हात थांबवला की म्हणायची, 'अजून एक. वर्दी घालून येशीन त तुह्या मागं मी बी गावभर फिरीन.'

त्या दिवसांत मला फार तहान लागायची. लोटाच्या लोटा पाणी प्यायचो आणि सारखा बाहेर जायचो. जेवलं की डोळे मिटायचे. पाय जड वाटायचे. मावशीला सांगितलं तर ती खूश झाली. 'अंग धरून राह्यलं तुहं. सवय नाई ना,' म्हणाली. मलाही तसंच वाटलं. भरल्या पोटाची माणसं अशीच सुस्तावत असतील, आपल्याला काय अनुभव?

मेडिकल चंद्रपूरला होती. पहाटे मावशीनं तांदळाची खीर केली, वरून केळी खायला लावली आणि वजन होईपर्यंत लघवीला जाऊ नकोस अशी ताकीद दिली. हा सल्ला तेव्हा भरतीला जाणाऱ्या प्रत्येकाला मिळायचा. काकांनी एस.टी.त बसवून दिलं.

वजन भरलं. काटा जिथं पाहिजे तिथं गेला आणि त्याच्याही थोडा पुढे गेला. मी इतका हलका झालो मनानं की बाजूच्या मुलाला उगाच हसून विचारलं, कुठला रे तू. मग बाटलीत लघवी द्यायची होती, ती दिली. भिंतीजवळच्या टेबलावर एक माणूस स्पिरिटच्या दिव्यावर नळ्या तापवत होता. नळीत निळं पाणी असायचं, त्यात थेंब टाकायचे आणि तापवायचं. बहुतेकांचं निळं ते निळंच राहत होतं. माझं हिरवट झालं, मग पिवळं, मग विटेसारखं लाल. त्यानं माझं नाव पुन्हा विचारलं, दुसरी नळी घेतली, पुन्हा तापवली. पुन्हा लाल. रसायनशास्त्राच्या तासाला मी हा रंग पाहिला होता, त्यामुळे तो बोलायच्या आधीच मला कळलं. तरी त्याच्या तोंडून ऐकेपर्यंत मी उभा राहिलो.

'साखर आहे. बाजूला हो.'

मी म्हटलं, साहेब, मी पळालोय, तुम्ही बघा, मला काही नाही. डॉक्टरांनी वर पाहिलं. चिडलेले नव्हते. 'या वयात साखर म्हणजे चांगलं नाही रे. उपचार घे,' एवढं बोलून त्यांनी पुढच्याला बोलावलं. मागे रांग होती, त्यांचंही काय चुकलं. पण पंधरवड्यानं परत ये, साधं जेव आणि परत ये, हे एक वाक्य त्या खोलीत कुणी बोललं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती. आजही मला त्या न बोललेल्या वाक्याचा राग येतो. कुणावर काढायचा ते कळत नाही.

मी मावशीकडे न जाता सरळ घरी आलो. आई दारात होती. तिनं आधी माझ्या अंगाकडे पाहिलं, वजन भरलं असणार हे तिला दिसतच होतं.

'साखर निघाली,' मी म्हटलं.

'कायची साखर?'

'माह्या लघवीत. बाद केलं.'

तिला वाटलं मी थट्टा करतोय. 'साखर आपल्या घरी सणाले येत नाई. चहा बी गुळाचा आपला,' ती म्हणाली. मग माझा चेहरा पाहून खाली बसली. वडील जाळं घेऊन तलावाकडे निघून गेले. मोठ्या माणसांचा आजार, पाय कापावे लागणारा आजार, चंद्रपूरच्या शेठजींना होणारा आजार, तो तलावावरच्या पोराला कसा झाला? आळीतल्या बाया जमल्या. कुणी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. आणि मग तो प्रश्न आला. कुणी विचारला ते आठवत नाही, तो आमच्याकडे कुणाचा एकट्याचा नसतोच.

'शेवटचं कोणाच्या हातचं खाल्लं?'

मी सांगितलं. मावशीच्या.

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. त्या पाहण्यातच सगळं ठरलं. मूल न झालेली बाई, दुसरीच्या कमावत्या होऊ घातलेल्या पोराला समोर बसून भरवते, तिच्या हाताला काहीतरी असणारच. 'पोटात माया असंन तिच्या, पण हातात दोष असला त थे काय करीन?' असं एक म्हातारी फार समजूतदारपणे म्हणाली. मी ओरडलो की असं काही नसतं. आईनं माझ्याकडे वळून विचारलं, 'मंग कसं झालं? सांग. तू त शिकला आहेस.'

बी.एस्सी.च्या पुस्तकात इन्सुलिनवर अर्धं पान होतं आणि त्यात मंडई नव्हती.

बातमी पोचताच मावशी धावत आली. पदराखाली डबा होता, माझ्यासाठी काहीतरी आणलं होतं. आई उंबऱ्यात उभी राहिली. बहिणीला तिनं आत ये म्हटलं नाही. म्हणाली, 'तुह्या हातचं आता माह्या पोराले नको देऊ, बाई. तुह्या पाया पडतो.'

मावशी फटकळ होती. दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर तिनं त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. पण सख्खी बहीण पाया पडतो म्हणाली. मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झालो तर आईनं माझा हात घट्ट धरला होता. मावशीनं डबा पुन्हा पदराखाली घेतला आणि ती आल्या पावली परत गेली. त्यानंतर ती आमच्या घरी आली नाही.

पुढचं लवकर सांगतो, त्यात सांगण्यासारखं फार नाही. आईनं माझा भात बंद केला. कारलं, कडुलिंब आणि जांभळाच्या बियांची पूड. मी पुन्हा जाळं ओढू लागलो, पुन्हा बारीक झालो. महिन्याभरानं आरमोरीच्या एका डॉक्टरकडे तपासलं तर साखर नव्हती. पुन्हा तपासलं, नव्हती. आजतागायत दरवर्षी तपासतो, नाही. डॉक्टर म्हणाले तुला कधी नसेलच. आई म्हणाली जांभळाच्या पुडीनं गेली. मी धावत चंद्रपूरला गेलो, पण तोवर सगळ्या जागा भरल्या होत्या आणि माझं वय पुढच्या भरतीला बसत नव्हतं. मी एका विनाअनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवू लागलो. अनुदान उद्या येणार, उद्या येणार म्हणत आम्हा मास्तरांचे केस पिकले. ते दुःख वेगळं, त्याला इथं जागा नाही.

मावशीचं मात्र वाईटच होत गेलं. मी बरा झालो, हाच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरला. तिच्या हातचं बंद केलं आणि पोट्टा बरा झाला, मग आणखी काय पाहिजे? एका चुलत बहिणीच्या लग्नात मी तिला पाहिलं. ती सवयीनं कढईपाशी जाऊन बसली आणि झारा हातात घेतला. दोन बाया आल्या. भांडल्या नाहीत, उलट फार गोड बोलल्या. 'तू कायले त्रास घेतेस वो, बस ना निवांत,' म्हणत एकीनं तिच्या हातातून झारा काढून घेतला. मावशी उठली आणि मांडवाच्या कडेला जाऊन बसली. जेवणाची पंगत बसली तेव्हा ती तिथं नव्हती. कोणत्या एस.टी.नं गेली कुणी पाहिलं नाही.

मी आईशी किती वेळा भांडलो. दर वेळी ती तेच विचारायची, मग कसं झालं? तपासणाऱ्याची चूक असेल म्हणावं तर दोन नळ्या मी माझ्या डोळ्यांनी लाल होताना पाहिल्या होत्या. एवढ्या एका उत्तरावर मावशीचं सुटणं अडलं होतं.

उत्तर मिळालं तेव्हा नवं शतक लागून काही वर्षं झाली होती. नागपूरला शिक्षकांचं उन्हाळी प्रशिक्षण होतं. दुपारच्या जेवणानंतर एक संशोधक बाई व्याख्यानाला आल्या. अर्धे मास्तर पेंगत होते, मीही होतो. बाई सांगत होत्या की थोड्या दिवसांचं अतिखाणंसुद्धा धडधाकट माणसाच्या शरीराला इन्सुलिनचं ऐकेनासं करतं. मी जागा झालो तो तिथं.

त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर पुस्तकं मिळवून नीट वाचलं, म्हणून आता सोपं करून सांगता येतं. रक्तातली साखर सगळ्यात जास्त खपते ती स्नायूंत. पण स्नायूच्या पेशीत ती आपसूक शिरत नाही. तिला आत ओढून घेणारी प्रथिनं असतात, ग्लूट-फोर नावाची. एरवी ती पेशीच्या पोटात बारीक पिशव्यांमध्ये पडून असतात. इन्सुलिन पेशीच्या बाहेरच्या बाजूला येऊन चिकटतं, त्याची खबर आतल्या आत एका रेणूकडून दुसऱ्याकडे जाते, आणि ती शेवटपर्यंत पोचली की या पिशव्या वर येतात, प्रथिनं पृष्ठभागावर लागतात आणि साखर आत जाते. माणूस राबत असेल तर स्नायू इन्सुलिनची वाटही पाहत नाही, आकुंचन पावतानाच पिशव्या वर आणतो.

आता या पेशीत दिवसामागून दिवस गरजेपेक्षा जास्त इंधन ओतलं तर? जळायला काम नाही, कारण माणूस बाजेवर आहे. चरबीचे अर्धवट तुकडे पेशीत साचतात आणि भलतीच एन्झाइमं जागी करतात. ती येऊन खबर नेणाऱ्या रेणूवर चुकीच्या जागी फॉस्फेट चिकटवतात, आणि खबर तिथंच अडते. दुसरीकडे पेशीच्या ऊर्जाकेंद्रात इतकं कोंबलं जातं की ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू बाहेर पडतात आणि साखर ओढणाऱ्या त्या प्रथिनांनाच इजा करतात. इन्सुलिन बाहेर येतंय, वाढत्या प्रमाणात येतंय, आणि आत कुणी हलत नाही. अंगावर फारशी चरबी चढायच्या आतही हे होऊ शकतं. खाणं आवरलं, हातपाय हलवले की मोडलेलं दुरुस्त होतं.

व्याख्यान संपल्यावर मी बाईंना गाठलं. एका मुलाची गोष्ट म्हणून माझीच गोष्ट सांगितली. त्यांनी लक्ष देऊन ऐकली. म्हणाल्या, 'चांगल्या पोसलेल्या मुलाचं स्वादुपिंड अशा वेळी जास्त इन्सुलिन सोडून निभावून नेतं. अर्धपोटी वाढलेल्याची तेवढी शिल्लक नसते. त्यात सकाळी खीर आणि केळी. आज छातीठोक सांगता येणार नाही, पण हे असंच झालं असावं.' मग चष्मा काढून म्हणाल्या, 'त्याला काही दिवसांनी परत बोलवायला हवं होतं हो.' मी म्हटलं, हो, हवं होतं.

परतीच्या प्रवासात मी आनंदात होतो, हे सांगायला आज जिवावर येतं. इतक्या वर्षांनी मावशी सुटणार होती.

आई अंगणात सुकटी निवडत बसली होती. वडील तोवर वारले होते. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, प्रथिनांना माणसं केलं, खबर नेणाऱ्याला कोतवाल केलं. ती मान खाली घालून निवडत होती. शेवटी म्हणाली, 'म्हणजे तिच्या हातचं नाई, सगळ्यायच्या हातचं?'

'हाव. सगळ्यायचं मिळून झालं. आणि मले हलू नाई दिलं म्हणून.'

'तुले हलू नाई द्याचं, हे मी सांगितलं होतं.'

मी पुढ्यातली एक सुकट उचलून निवडू लागलो.

'दूध बी माह्यंच होतं. गूळ घालून.'

'तुले काय माहीत होतं माय? कोणाले माहीत होतं?'

'तिले बी नव्हतं,' आई म्हणाली. तिचे हात थांबले होते. मग तिनं सुकटीचं सूप बाजूला सारलं. 'चाल, तिच्याकडे जाऊ.'

दुसऱ्या दिवशी वडसाची एस.टी. धरली. मावशीचं घर आटलेलं दिसलं. काका दोन पावसाळ्यांपूर्वी गेले होते, आम्ही तेराव्यालाही आलो नव्हतो. मावशी बाहेर आली, वाळलेली, केस पांढरे. मला पाहून ती हसली, तेवढं हसू जुनं होतं. खाट टाकली, बसा म्हणाली.

आईनं तिचे पाय धरले. 'माह्यं चुकलं. तुह्यावर आळ घेतला. पोरगा सांगून राह्यला, तुह्या हाताचं काईच नव्हतं.'

मावशीनं तिला उठवलं. 'तुहं काऊन चुकलं बाई? तू बरोबर बोलली होतीस. मलेच उशिरा समजलं.'

मग ती सांगू लागली, अगदी शांतपणे. शेजारच्या घरची पोर तिच्या हातचा लाडू खाऊन तापली होती. भावकीतली एक गरोदर बाई तिच्याकडे जेवली आणि पोर गेलं. काकांना शेवटचा घोट पाणी तिनंच पाजला. एकेक गोष्ट ती बोटांवर मोजत गेली. इतक्या वर्षांत या घरात बसून तिनं स्वतःविरुद्धचा सगळा पुरावा गोळा केला होता, आणि तो उलटतपासायला कुणी आलं नव्हतं.

मी पुन्हा सुरुवात केली. स्नायू, साखर, अडलेली खबर. रोज वर्गात शिकवणारा माणूस मी, इतकं चांगलं मी कधी शिकवलं नसेल. शेजारची पोर साध्या तापानं आजारी पडली, गरोदर बाईचं कारण वेगळं असणार, काकांचं वय झालं होतं, सगळं सांगितलं. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर माझ्या डोक्यावरून हात फिरवायला तिनं हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

'तू शिकला आहेस बापा. तुह्या साखरेचं तू म्हणतोस थे खरं असंन,' ती म्हणाली. 'पण माह्या हाताचं मले ठावं आहे.'

आई रडत होती. मी म्हटलं, 'मावशी, मले भूक लागली. कायबी दे. शिळा भात दे.'

ती माझ्याकडे बघत राहिली. एक क्षण मला वाटलं, उठेल. उठलीही. पण चुलीकडे न जाता कुडाशी गेली आणि शेजारणीला हाक मारून म्हणाली, पाहुणे आले, चहा कर वो.

चहा शेजारणीनं केला, शेजारणीनंच आणून आमच्या हातात दिला. मावशी खांबाला टेकून, हात पदरात गुंडाळून बसली होती. मी चहा संपवून रिकामा कप तिच्यासमोर धरला. तिनं तो घेतला नाही. परत कुडाकडे तोंड करून शेजारणीला म्हणाली, 'ये वो, त्यायचे कप उचलून ने.'